चाकाखालचं विज्ञान : वळेना गाडी, ऐकेना नाक!

काय दोस्तांनो, मागच्या आठवड्यात आपण ब्रेकची गंमत बघितली आणि जाता जाता तुमच्यासाठी एक प्रश्न सोडला होता. आठवतो का? ‘ड्रायव्हरने स्टिअरिंग पुरतं फिरवलं, पुढची चाकं वळलीसुद्धा, तरी गाडी सरळच गेली, असं होऊ शकेल का?’

‘छे! चाकं वळली म्हणजे गाडी वळणारच!’ असं ज्यांना वाटलं, त्यांनी हे पान नीट वाचायचं. कारण असं होऊ शकतं. नुसतं होऊ शकतं असं नाही, तर पावसाळ्यात घाटातल्या रस्त्यावर ते खरोखर होतं. आणि ज्यांचं सगळं आयुष्य वळणं घेण्यात गेलं, त्या रॅलीच्या ड्रायव्हरांना तर याच गोष्टीने सतत हैराण केलं.

या दुखण्याचं नाव आहे ‘अंडरस्टिअर’. म्हणजे ड्रायव्हर सांगतो तेवढं गाडी वळत नाही, कमी वळते. ड्रायव्हर म्हणतो डावीकडे चल, आणि गाडीचं नाक म्हणतं, मी आपलं सरळच जाणार! हट्टी वासराला दाव्याने ओढावं आणि त्याने चारही पाय रोवून मान वर करावी ना, अगदी तसं.

याचा एक भाऊही आहे. त्याचं नाव ‘ओव्हरस्टिअर’. यात पुढची चाकं ऐकतात, पण मागची घसरतात. गाडीचं शेपूट बाहेर फेकलं जातं आणि सांभाळलं नाही तर गाडी गर्रकन भोवऱ्यासारखी फिरते.

दोन्हीचं मूळ एकच. टायरची रस्त्यावरची पकड. पुढच्या टायरांची पकड आधी सुटली तर अंडरस्टिअर. मागच्यांची आधी सुटली तर ओव्हरस्टिअर. एवढं वाक्य पाठ करून ठेवा, पुढचं सगळं त्यातूनच निघणार आहे.

आधी प्रयोग, मग गप्पा

घरात खेळण्यातली छोटी मोटार असेलच. चारही चाकं मोकळी फिरणारी हवीत. एक गुळगुळीत लांब फळी घ्या. तिचं एक टोक चार-पाच पुस्तकांवर ठेवून चांगला उतार करा. फळीवर कॅरमची पावडर किंचित भुरभुरवा.

आता मोटारीची पुढची दोन चाकं चिकटपट्टीने अशी बांधा की ती फिरताच कामा नयेत. मोटारीचं तोंड उताराकडे करून सोडून द्या. काय झालं? मोटार घसरत, पण सरळ, नाक पुढे करून खाली आली.

आता पुढची पट्टी काढा आणि मागची दोन चाकं बांधा. पुन्हा सोडा. गंमत झाली ना? मोटारीने वाटेत गिरकी घेतली आणि शेपूट पुढे करून खाली आली! पहिल्यांदा जमलं नाही तर उतार थोडा वाढवा.

असं का? फिरणारं चाक पुढे सहज जातं, पण बाजूला सरकायला विरोध करतं. घसरणारं चाक मात्र कुठल्याही दिशेला सारखंच घसरतं, त्याला डावं-उजवं काही कळत नाही. पुढची चाकं घसरत असताना मागची फिरती चाकं बाणाच्या पिसांसारखं काम करतात आणि गाडीला सरळ ठेवतात. मागची चाकं घसरली की पिसंच गेली, मग बाण उलटणार.

म्हणजे पुढची पकड सुटलेली गाडी सरळ जाते आणि मागची पकड सुटलेली गाडी गोल फिरते. सरळ जाणारी गाडी निदान कुठे जाणार ते कळतं, आणि वेग कमी झाला की तिची पुढची चाकं पुन्हा रस्ता पकडतात. फिरलेली गाडी सावरणं मात्र सराईत ड्रायव्हरचं काम. म्हणूनच मोटारी बनवणारे कारखाने रोजच्या वापराच्या गाड्यांत मुद्दाम थोडासा अंडरस्टिअर ठेवतात. तुमच्या-आमच्या घरच्या गाडीत तो दोष नसून राखणदार आहे, बरं का!

मग रॅलीवाल्यांना तो का नको असतो? चला, त्यासाठी थोडं लांब, इंग्लंडात जाऊ.

एस्कॉर्ट नावाची घोडी

फोर्ड कंपनीची एस्कॉर्ट ही गाडी तुमच्या आई-बाबांना आठवत असेल. १९९६ पासून काही वर्षं ती आपल्याकडेही विकली जात होती. पण ती पुढची चाकं ओढणारी एस्कॉर्ट होती. आपण बोलतोय तिच्या आजीबद्दल. १९६८ सालची पहिली एस्कॉर्ट आणि १९७५ सालची दुसरी, या दोघींत इंजिन पुढे आणि जोर मात्र मागच्या चाकांना. आपल्या अँबॅसिडरसारखा, किंवा मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीसारखा. ती पद्मिनी २०२३ साली रस्त्यावरून निवृत्त झाली. या सगळ्यांच्या मागच्या बाजूला एक आडवा लोखंडी दांडा असतो, त्याच्या दोन टोकांना दोन चाकं, आणि वर पाट्यांच्या स्प्रिंगा. रचना बैलगाडीच्या आसासारखी साधी.

पण या साध्या गाडीने काय पराक्रम केला! ब्रिटनमधली ‘आर.ए.सी. रॅली’ तिने १९७२ पासून १९७९ पर्यंत ओळीने आठ वर्षं जिंकली. ही रॅली नोव्हेंबरच्या आसपास, जंगलातल्या खडीच्या रस्त्यांवरून चाले. चिखल, धुकं, कधी बर्फ. वर गंमत म्हणजे त्या काळी जंगलातले रस्ते आधी जाऊन बघायची परवानगीच नसे! पुढचं वळण डावं की उजवं, मोठं की छोटं, हे अंधारात ते वळण समोर आल्यावरच कळायचं. आता अशा वेळी गाडीचं नाक हट्टी असेल तर? समोर झाडं, आणि गाडी सरळ.

रॅलीत गाड्या एकमेकींच्या शेजारून धावत नाहीत. एकेक गाडी काही वेळाच्या अंतराने सुटते आणि तिला किती वेळ लागला ते घड्याळ सांगतं. त्यामुळे भांडण असतं ते सेकंदांशी.

१९७९ सालची माँटे कार्लो रॅली बघा. स्वीडनचा ब्यॉर्न वाल्डेगार्ड एस्कॉर्ट चालवत होता आणि पुढेही होता. शेवटच्या रात्री रस्त्यात कोणीतरी दगड टाकले. गाडी थांबवून ते हटवावे लागले. शेवटी फ्रान्सचा बर्नार द निश... नव्हे, दार्निश, लान्सिया स्ट्रॅटोस ही गाडी घेऊन जिंकला. किती फरकाने? अवघ्या ६ सेकंदांनी! त्याच वर्षी रॅलीच्या ड्रायव्हरांसाठी जागतिक विजेतेपद पहिल्यांदा ठेवलं होतं. ते मात्र वाल्डेगार्डनेच मिळवलं. त्याचे गुण ११२ आणि दुसऱ्या आलेल्या हन्नू मिक्कोलाचे १११. फक्त एका गुणाचा फरक!

आता गणित करा. समजा, एका रॅलीत ६०० वळणं आहेत. नाक हट्टी असल्यामुळे दर वळणाला सेकंदाचा फक्त शंभरावा भाग वाया गेला. म्हणजे डोळ्याची पापणी लवायला लागतो त्यापेक्षाही कमी वेळ. सहाशे वळणांत किती झाले? बरोब्बर ६ सेकंद. कळलं, मेकॅनिक लोक रात्र रात्र जागून गाडीच्या नाकाशी का झगडतात ते?

पकड कुठे हरवते?

टायरची पकड त्याच्यावर किती वजन दाबतं यावर असते. जास्त वजन, जास्त पकड. मग दुप्पट वजन टाकलं की दुप्पट पकड मिळेल? इथेच तर मेख आहे.

ताई आणि दादाला मिळून २० गणितं करायची आहेत. दोघांनी दहा-दहा वाटून घेतली तर तासाभरात वीसच्या वीस होतील. पण दादाला १८ दिली आणि ताईला २, तर? दादा दमणार. त्याची १५च होणार. ताईची २. एकूण १७. काम तेवढंच, पण वाटणी चुकली म्हणून तीन गणितं राहिली.

टायरचंही तसंच. गाडी वळते तेव्हा तिचं वजन बाहेरच्या बाजूला झुकतं. एस. टी. डावीकडे वळली की आपण उजवीकडे कलंडतो, तसं. बाहेरच्या चाकावर भार वाढतो, आतल्यावरचा कमी होतो. बाहेरचं चाक जास्त पकड देतं खरं, पण वाढलेल्या भाराच्या मानाने कमीच. त्यामुळे दोघांची मिळून पकड घटते. पुढच्या जोडीत ही वाटणी जास्त बिघडली तर पुढची जोडी आधी हरते, म्हणजे अंडरस्टिअर. मागच्या जोडीत जास्त बिघडली तर मागची जोडी आधी हरते.

म्हणजे मेकॅनिकचं काम काय? पुढच्या जोडीचं ओझं नीट वाटायचं. चला, आता पाने घेऊन गाडीखाली शिरू या.

पहिला उपाय : हवा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी करायचा उपाय. पुढच्या टायरांत हवा फार कमी असेल तर वळताना टायरची कड दुमडते आणि नाक जड वाटतं. फार जास्त असेल तर टायर फुग्यासारखा टणक होतो आणि रस्त्याला मधल्या पट्टीवरच टेकतो. मधली बरोबर जागा शोधायची. रॅलीतले मेकॅनिक एकेक-दोनदोन पौंड हवा कमी-जास्त करून बघतात. टायर गरम झाला की आतली हवा फुगते, म्हणून हवा मोजायची ती दर वेळी एकाच स्थितीत, थंड असताना किंवा धावून आल्याबरोबर.

दुसरा उपाय : चाकाचं उभं राहणं

तुमची चपल एका बाजूनेच झिजते का? मग तुमचं पाऊल तिरकं पडतं. गाडी वळताना कलंडली की बाहेरचं चाकही तिच्याबरोबर तिरकं होतं आणि एका कडेवर उभं राहतं. कडेवर उभ्या चाकाला पकड कुठून येणार?

म्हणून चाक आधीच थोडं उलटं तिरकं बसवतात. समोरून बघितलं तर दोन्ही पुढची चाकं वरच्या बाजूला किंचित आत झुकलेली दिसतात. गाडी कलंडली की ती सरळ होतात आणि पूर्ण तळवा रस्त्यावर टेकतो. याला म्हणतात निगेटिव्ह कँबर. अति केलं तर मात्र सरळ रस्त्यावर ब्रेक मारताना त्रास, आणि टायरची आतली कड झिजते ती वेगळीच.

आणखी एक युक्ती आहे. कवायतीत ‘विश्राम’मध्ये उभे राहून पायांचे चवडे थोडे बाहेर वळवा. पुढच्या चाकांचे चवडे असेच अगदी एक-दोन मिलिमीटर बाहेर वळवले, तर स्टिअरिंग हलवल्याबरोबर नाक चटकन आत शिरतं. याला टो-आउट म्हणतात. पण सरळ रस्त्यावर अशी गाडी जरा चुळबुळी होते.

तिसरा उपाय : वळणाचा दांडा

गाडीखाली इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचा पोलादी दांडा असतो. डाव्या चाकाला एक टोक, उजव्याला दुसरं. गाडी कलंडू लागली की हा दांडा पिळला जातो आणि तिला सावरतो. त्याचं नाव अँटी-रोल बार.

एक खाट डोळ्यांसमोर आणा. डोक्याकडचे दोन पाय टणक लाकडाचे. पायथ्याकडच्या दोन पायांखाली मऊ उशा. आता खाटेच्या मधोमध बसून एका बाजूला झुका. उशा दबतात, भार टाळतात. सगळा जोर येतो डोक्याकडच्या टणक पायावर. जिकडे कडक, तिकडे ओझं!

गाडीतही तसंच. पुढचा दांडा जाड असेल तर कलंडण्याचा बहुतेक भार पुढचं बाहेरचं चाक उचलतं. आठवा, दादाला अठरा गणितं! मग पुढची जोडी हरते. म्हणून नाक ऐकत नसेल तर पुढचा दांडा बारीक करायचा, किंवा त्याचा जोड सैल भोकात लावायचा. नाही तर मागचा दांडा जाड करायचा. स्प्रिंगांचंही गणित हेच. पुढच्या जरा नरम किंवा मागच्या जरा कडक.

यातलं आधी काय करावं? खडीच्या रस्त्यावर शक्यतो पुढचं नरम करून बघतात. कारण मागचं कडक केलं तर वळणात मागचं आतलं चाक हलकं होतं. आणि आपल्या गाडीत जोर कुठल्या चाकांना आहे? मागच्याच! हलकं झालेलं चाक जागच्या जागी गरगरतं, खडी उडवतं आणि गाडी पुढे जात नाही. नाक सुधारलं, पण पाय गेले. दुखऱ्या बाजूची पकड वाढवणं शहाणपणाचं. चांगल्या बाजूची पकड कमी करून दोघांना सारखं करणं हा नाइलाजाचा उपाय.

चौथा उपाय : लेझमीची रांग

हा माझा आवडता. शाळेत लेझीम खेळताना चार जणांची रांग वळते तेव्हा आतला जागच्या जागी छोटी पावलं टाकतो आणि बाहेरचा लांब ढांगा टाकत धावतो. आता समजा गुरुजींनी सांगितलं, ‘सगळ्यांनी हात घट्ट धरा आणि अगदी सारखीच पावलं टाका!’ रांग वळेल का? नाही. सरळच जाईल.

गाडीची मागची दोन चाकंही अशीच. वळताना बाहेरच्याला जास्त अंतर कापायचं असतं. म्हणून आसाच्या मध्ये दातेरी चक्रांचा डबा असतो, डिफरन्शिअल. तो दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतो. पण त्यात एक खोट आहे. एक चाक चिखलात गेलं की तेच नुसतं गरगरतं आणि दुसरं ढिम्म. म्हणून रॅलीच्या गाडीत खास डिफरन्शिअल बसवतात. त्यात चकत्यांचा क्लच असतो, तो दोन्ही चाकांना काही प्रमाणात एकमेकांशी बांधून ठेवतो.

हे बांधणं फार घट्ट झालं तर? गुरुजींची ‘सारखी पावलं’! मागची चाकं गाडीला सरळ ढकलत राहतात आणि बिचारी पुढची चाकं कितीही वळली तरी नाक बाहेरच जातं. कित्येकदा सगळे पुढच्या चाकांना बोल लावतात, आणि चोर निघतो मागे! मग तो डबा खोलून चकत्यांवरचा दाब कमी करायचा. पण फार सैल सोडला तर पुन्हा एकच चाक गरगरणार. सतारीची तार जशी लावतात तसं हे लावावं लागतं. ना फार ताण, ना फार ढील.

पाचवा उपाय : वजन हलवा

पुढच्या टायरांना त्यांच्या डोक्यावरचं सगळं ओझं वळवायचं असतं. इंजिन पुढे, मग ओझं पुढेच जास्त. म्हणून रॅलीसाठी तयार केलेल्या एस्कॉर्टमध्ये बॅटरी बॉनेटखालून काढून डिकीत नेऊन ठेवत. नाकावरचं ओझं कमी, आणि ढकलणाऱ्या मागच्या चाकांवर दाब जास्त. एका दगडात दोन पक्षी!

आणि सहावा उपाय बसलाय सीटवर!

गाडी कितीही सुधारा, चालवणारा चुकला तर नाक हट्टी होणारच. वळणात वेगाने शिरलं तर कुठलाही टायर हार मानतो. आणि एका टायरकडून एका वेळी दोन कामं पूर्ण ताकदीने होत नाहीत. ब्रेकही पूर्ण आणि वळणंही पूर्ण, हे चालत नाही.

रॅलीतले ड्रायव्हर ब्रेक मारला की वजन पुढे येतं या गोष्टीचा फायदा घेतात. वळणाच्या तोंडाशी ब्रेक हळूहळू सोडत आत शिरायचं. त्या क्षणी नाक दाबलेलं असतं, शेपूट हलकं असतं. गाडी आपणहून वळते. उत्तर युरोपातल्या ड्रायव्हरांची तर न्यारीच तऱ्हा. डावीकडे वळायचं असेल तर आधी क्षणभर उजवीकडे वळायचं! गाडी उजवीकडून उसळून डावीकडे झोके घेते आणि तो झोका तिला वळणात फेकतो. झोपाळ्यावर पुढे जायच्या आधी आपण मागे रेटतो ना, तसं. मग मागच्या चाकांना जोर देऊन, शेपूट बाहेर ठेवून, गाडी आडवीच वळणातून काढायची. एस्कॉर्टचे फोटो बघाल तर बहुतेकांत ती अशी तिरपीच दिसेल.

तेव्हा गाडी वळत नसेल तर आधी विचारायचं असतं, कुठे वळत नाही? वळणात शिरताना? मधोमध? की बाहेर पडताना जोर दिल्यावर? शिरताना असेल तर ब्रेक आणि चाकांचे चवडे बघा. मधोमध असेल तर दांडे, स्प्रिंगा आणि चाकाचा कल बघा. बाहेर पडताना असेल तर डिफरन्शिअलवर नजर ठेवा. डॉक्टर ‘पोट दुखतं’ एवढ्यावर औषध देत नाहीत. कुठे दुखतं, जेवणाआधी की नंतर, असं विचारतात. तसंच हे.

एका वेळी एकच

आता या सगळ्यातली खरी शिकवण. ती गाडीपेक्षाही मोठी आहे.

समजा मेकॅनिकने हवा बदलली, दांडा बदलला आणि चाकांचा कलही बदलला, आणि गाडी छान वळू लागली. कशामुळे? सांगताच येणार नाही! कदाचित दोन उपायांनी फायदा झाला असेल आणि तिसऱ्याने तोटा. म्हणून नियम असा : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रस्ता तोच, ड्रायव्हर तोच, टायर तेच. वेळ मोजायचा, वहीत लिहायचा. फायदा नाही झाला तर ती गोष्ट होती तशी करायची आणि मगच दुसरी हातात घ्यायची.

आणि घड्याळावर विश्वास ठेवायचा, छातीतल्या धडधडीवर नाही. शेपूट फेकत जाणारी गाडी फार वेगवान वाटते. पण बाजूला घसरण्यात गेलेला जोर पुढे जाण्याच्या कामी येत नाही. कधी कधी कंटाळवाणी वाटणारी गाडीच आधी पोचते. प्रयोगवहीतही आपण हेच करतो ना? आपल्याला काय वाटलं ते नाही, मोजमाप काय आलं ते लिहायचं.

मुंबईत आल्या होत्या अशा गाड्या!

१९६८ साली लंडन ते सिडनी अशी प्रचंड मोटार-स्पर्धा झाली होती. लंडनहून ९८ गाड्या निघाल्या. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून त्या भारतात शिरल्या आणि आपल्या मुंबईला पोचल्या. तिथून ‘चुसान’ नावाच्या बोटीने त्यांना ऑस्ट्रेलियाला नेलं. मुंबईत पोचली तेव्हा सगळ्यांत पुढे होती रॉजर क्लार्क या ड्रायव्हरची फोर्ड कोर्टिना. पण शेवटी सिडनीला जिंकला अँड्र्यू कॉवन, हिलमन हंटर ही साधीसुधी गाडी घेऊन. दोन्ही गाड्या मागची चाकं ढकलणाऱ्याच! याच रॉजर क्लार्कने पुढे १९७२ साली एस्कॉर्टला आर.ए.सी. रॅलीचा पहिला विजय मिळवून दिला. तुमच्या आजोबांना त्या मुंबईतल्या गाड्या आठवतात का, विचारून बघा.

आई-बाबांसाठी चार ओळी

हे पान मुलांबरोबर तुम्हीही वाचता हे आम्हाला ठाऊक आहे. वर सांगितलेले उपाय बंद रस्त्यावरच्या स्पर्धेसाठी आहेत. घरच्या गाडीचा अंडरस्टिअर काढायला जाऊ नका, तो तुमच्या भल्यासाठी ठेवलेला आहे. मात्र तो वाढणार नाही एवढी काळजी घ्या. टायरमधली हवा महिन्यातून दोनदा तरी बघा. किती हवी ते बहुधा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली तर कायद्यानेही तो टायर बाद आहे, आणि पावसाळ्यात तर त्याच्या कितीतरी आधी बदलावा.

दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते कुठे बसवाल? पुष्कळ जण पुढे बसवतात. पण टायर बनवणाऱ्यांचा सल्ला आहे, मागे बसवा. का ते मुलांना विचारा. फळीवरच्या प्रयोगात मागची चाकं घसरली तेव्हा काय झालं, ते त्यांना आता ठाऊक आहे.

आणि पहिल्या पावसात, ओल्या घाटात, गाडीचं नाक सरळ जाऊ लागलं तर? घाबरून स्टिअरिंग आणखी फिरवू नका. आधीच दमलेल्या टायरला आणखी ओझं देऊन तो वळणार नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय हलकेच काढा, स्टिअरिंग जरासं सैल करा, टायरला पुन्हा रस्ता पकडू द्या. आणि त्याहून उत्तम म्हणजे वळणाच्या आधीच वेग कमी करा. वेग निम्मा केला तर त्याच वळणाला लागणारी पकड निम्मी नाही, चौथाई होते! हा उपाय फुकट आहे आणि सगळ्या गाड्यांना लागू पडतो.

मुलांनो, मागे बसलेले असाल तर तुमचंही एक काम आहे. पट्टा बांधा, आणि घाटात ‘बाबा, त्या गाडीला मागे टाका ना!’ असं म्हणू नका.

या आठवड्याचं कोडं

एक गाडी डावीकडे मस्त वळते. उजवीकडे वळवली की मात्र तिचं नाक ऐकत नाही. दोन्ही वळणं सारखीच, वेगही सारखाच. मेकॅनिकने पुढच्या एकाच चाकाला हात लावून बघितलं आणि म्हणाला, ‘सापडला चोर!’ त्याने कुठल्या बाजूचं चाक बघितलं असेल? आणि चोर कोण असू शकेल? निदान दोन संशयित शोधा. उजवीकडे वळताना गाडी कुठल्या बाजूला कलंडते, एवढीच खूण देतो.

उत्तर पुढच्या आठवड्यात. तोवर फळीवरचा प्रयोग करा. आधी पुढची चाकं बांधून दहा वेळा, मग मागची बांधून दहा वेळा. किती वेळा मोटारीने गिरकी घेतली ते वहीत लिहा. आणि हो, एका वेळी एकच गोष्ट बदला!